उन्हाळ्यात बोरॅक्सचे अनुमापन का चुकते? कारण, तपासणी आणि उपाय

मार्चचा दुसरा पंधरवडा आला की पुण्यातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत एक ठरावीक तक्रार सुरू होते. दशांश नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या शक्तीचे माप) हायड्रोक्लोरिक आम्लाचे प्रमाणीकरण, म्हणजे त्याची नेमकी शक्ती ठरवणे, बोरॅक्सने (टाकणखाराने) अनुमापन करून करायचे असते: वजन केलेल्या बोरॅक्सला किती आम्ल पुरते ते मोजायचे. जानेवारीत जे आम्ल ०.१००० नॉर्मल ठरले होते तेच आता ०.०९८, मग ०.०९७ आणि एप्रिलच्या अखेरीस ०.०९६ नॉर्मल असल्याचे गणित सांगते. विशेष म्हणजे प्रत्येक वेळी केलेल्या तीनही अनुमापनांची वाचने एकमेकांशी चोख जुळतात, अंत्यबिंदू (दर्शकाचा रंग बदलून क्रिया पूर्ण झाल्याचे दिसते तो क्षण) स्वच्छ मिळतो आणि अनुमापन करणारा बदलला तरी उत्तर बदलत नाही. जेथे आम्ल दुसऱ्या पद्धतीने प्रमाणित करून त्याने बोरॅक्सचीच शुद्धता काढली जाते, तेथे हीच तक्रार उलट्या रूपात येते आणि बाटलीतील बोरॅक्स १०२, १०३, १०४ टक्के शुद्ध निघतो.

यावर नेहमी केले जाणारे उपाय म्हणजे आम्ल नव्याने तयार करणे, ब्युरेट (द्रव मोजून टाकण्याची नळी) बदलणे, मिथाइल रेड या रंगदर्शकाची नवी बाटली फोडणे आणि शेवटी तराजू तपासणाऱ्याला बोलावणे. यांपैकी कशानेही फरक पडत नाही. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की अनेक ठिकाणी आकडे हळूहळू मूळ जागी सरकतात, विषय मागे पडतो आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा डोके वर काढतो. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांत ही चूक गुणांपुरती राहते. परंतु भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यातील गुणवत्ता विभागात हेच आम्ल पुढे कच्च्या मालाची क्षारता मोजण्यासाठी वापरले जाते, आणि ९९.५ टक्के शुद्ध असलेला सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) ९५.७ टक्के दाखवला जाऊन चांगला माल परत पाठवला जाऊ शकतो.

जुळणारी वाचने हीच येथे दिशाभूल करतात. वाचने विखुरलेली असती तर हाताचा किंवा दर्शकाचा संशय योग्य ठरला असता. ती जुळत असूनही सगळी एकाच बाजूला सरकत असतील आणि सरकणे ऋतूप्रमाणे होत असेल, तर दोष अनुमापनाच्या आधीच्या पायरीत, म्हणजे वजन केलेल्या पदार्थात आहे असे समजावे.

बोरॅक्समधील पाणी

बोरॅक्सचे सूत्र आपण सोडियम टेट्राबोरेट आणि पाण्याचे दहा रेणू असे शिकतो व त्याचे सूत्रभार ३८१.३७ धरतो. त्यातील ४७.२ टक्के वजन पाण्याचे आहे, म्हणजे वजनाच्या पुडीतील जवळजवळ अर्धा भाग मोजमापाच्या दृष्टीने निव्वळ भार आहे. प्रत्यक्ष स्फटिकात हे दहाही रेणू सारखे बांधलेले नसतात. बोरॅक्सच्या ऋणायनात बोरॉनचे चार अणू असतात. त्यांपैकी दोन तीन ऑक्सिजनांशी सपाट रचनेत आणि दोन चार ऑक्सिजनांशी चतुष्फलकीय रचनेत जोडलेले असतात, आणि ऋणायनाच्या कडेला चार हायड्रॉक्सिल गट असतात. दहापैकी दोन रेणूंइतके पाणी या हायड्रॉक्सिल गटांत रासायनिक बंधांनी अडकलेले आहे. उरलेले आठ रेणू सोडियमच्या भोवती आणि जाळीतील मोकळ्या जागांत सैल बसलेले आहेत. हवा कोरडी झाली की या आठांपैकी सुमारे पाच रेणू निघून जातात आणि पंचजलीय बोरॅक्स उरतो. त्याचा सूत्रभार २९१.२९ आहे.

पुण्यात मार्च ते मेच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते आणि तापमान ३८ अंशांच्या आसपास असते. अशा हवेत उघडा राहिलेला दशजलीय बोरॅक्स पाणी सोडतो. काचेसारखे पारदर्शक स्फटिक प्रथम कडांवर दुधाळ होतात, मग त्यांच्यावर खडूसारखा पांढरा थर चढतो आणि बोटाने दाबल्यास तो पिठासारखा सुटतो. खनिज संग्रहालयांतील बोरॅक्सचे नमुने कालांतराने असेच अपारदर्शक होतात. त्यांच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या खनिजाला टिन्कॅल्कोनाइट हे स्वतंत्र नाव आहे. अडचण अशी की प्रयोगशाळेत येणारा बोरॅक्स बहुधा बारीक पूड असतो आणि पांढऱ्या पुडीवर पांढरा थर दिसत नाही.

हवेपेक्षाही मोठा दोष आपल्या सवयींचा आहे. प्राथमिक प्रमाण पदार्थ (ज्याच्या वजनावरून द्रावणाची शक्ती ठरवतात तो शुद्ध पदार्थ) म्हटला की तो भट्टीत वाळवायचा आणि सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद काचपात्रात) ठेवायचा, हा नियम सोडियम कार्बोनेट, पोटॅशियम डायक्रोमेट आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट यांच्यासाठी योग्य आहे आणि तो हातात इतका भिनलेला असतो की बोरॅक्सची बाटलीही त्याच डेसिकेटरमध्ये जाऊन बसते. सिलिका जेल तेथे बारा महिने एप्रिलची दुपार तयार करते. भट्टीत ११० अंशांवर ठेवलेल्या बोरॅक्सची तर चर्चाच नको. तो वजनासाठी संपूर्णपणे निकामी समजावा. तराजूच्या खोलीत अलीकडे बसवलेले वातानुकूलन यंत्रही हवेतील ओलावा काढून घेते, त्यामुळे ज्या प्रयोगशाळेत पूर्वी ही तक्रार नव्हती तेथेही ती सुरू झाल्यास आश्चर्य नाही.

चुकीची दिशा एकदा नीट समजून घेतली की निदान सोपे होते. पाणी गमावलेल्या बोरॅक्सचे तेवढेच वजन घेतले तर त्यात टेट्राबोरेट अधिक येते, आम्ल अधिक लागते, आणि आपण मात्र ३८१.३७ धरूनच भागाकार करतो. बोरॅक्सचे एक सूत्रएकक हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू घेते, म्हणून समतुल्यभार (आम्लाच्या एका रेणूमागे येणारा भार) १९०.६९. समजा ०.२३८४ ग्रॅम बोरॅक्स घेतला आणि आम्ल खरोखर ०.१००० नॉर्मल आहे. अपेक्षित वाचन १२.५० मिली. पुडीने पाणी गमावून तिची क्षमता चार टक्क्यांनी वाढली असेल तर वाचन १३.०० मिली येईल आणि आम्ल ०.०९६२ नॉर्मल असल्याचे दिसेल. पूर्ण पंचजलीय पदार्थ असेल तर शुद्धता १३०.९ टक्के निघेल. औषधांची अधिकृत मानके देणाऱ्या औषधकोशांत बोरॅक्सच्या शुद्धतेची वरची मर्यादा शंभराच्या वर ठेवलेली आढळते. पाण्याच्या या स्वभावामुळेच तेवढी सवलत द्यावी लागते.

दोष पाण्याचाच आहे हे कसे ठरवावे

येथे एक आक्षेप योग्य आहे. शुद्धता १०४ टक्के येण्याची इतरही कारणे असू शकतात: आम्लाची नॉर्मॅलिटी मुळात चुकीची असेल, बोरॅक्समध्ये सोडियम कार्बोनेटची भेसळ असेल, किंवा बाटलीत भलताच बोरेट असेल. यांतून पाण्याचा दोष वेगळा काढण्याची एक सुरेख पद्धत बोरॉनच्या रसायनातच आहे, आणि माझ्या मते प्रत्येक प्रयोगशाळेने वर्षातून एकदा तरी ती करून पाहावी. पाणी गेले तरी सोडियम आणि बोरॉन यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. म्हणून त्याच एका नमुन्यात आधी सोडियमशी समतुल्य आम्ल आणि नंतर बोरॉनशी समतुल्य कॉस्टिक सोडा मोजला, तर त्या दोहोंचे गुणोत्तर पाण्यावर अवलंबून राहत नाही. बोरॅक्ससाठी ते नेमके दोन आहे.

पहिल्या टप्प्यात आम्लामुळे बोरॅक्सचे बोरिक आम्ल होते. दुसरा टप्पा या बोरिक आम्लाचा आहे आणि तेथेच विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात, कारण सूत्रात तीन हायड्रोजन दिसतात आणि ते आम्ल त्रिभस्मी (अल्कलीचे तीन रेणू घेणारे) असावे असे वाटते. ते एकभस्मी आहे. बोरॉनच्या बाह्य कक्षेत तीनच इलेक्ट्रॉन असतात; तीन हायड्रॉक्सिल गटांशी बंध केल्यावर त्याच्याभोवती सहा इलेक्ट्रॉन होतात आणि एक कक्षक रिकामा राहतो. बोरिक आम्ल स्वतःचा हायड्रोजन देत नाही. ते पाण्यातील हायड्रॉक्सिल गट त्या रिकाम्या कक्षकात घेते, सपाट रेणूचा चतुष्फलकीय ऋणायन होतो आणि पाण्याचा हायड्रोजन आयन मोकळा होतो. असा एकच गट घेता येतो, म्हणून समतुल्यभार पूर्ण ६१.८३ धरायचा, त्याचा तिसरा हिस्सा नव्हे.

ही क्रिया फारच अनिच्छेने होते. बोरिक आम्लाचा पीकेए (हा आकडा जितका मोठा तितके आम्ल दुबळे) ९.२४ आहे, आणि त्यामुळे नुसत्या पाण्यात कॉस्टिकने त्याचे अनुमापन करू लागल्यास फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग बराच आधी डोकावतो व कित्येक मिलीलिटरपर्यंत गडद होत राहतो; अंत्यबिंदू असा कोठेच सापडत नाही. मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घातला की चित्र बदलते. मॅनिटॉलच्या साखळीतील शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल गट चतुष्फलकीय बोरॉनला दोन्ही बाजूंनी धरून पंचकोनी वलये तयार करतात, ऋणायन स्थिर होतो, समतोल त्या बाजूला ओढला जातो आणि मोकळ्या झालेल्या हायड्रोजन आयनांमुळे बोरिक आम्ल असिटिक आम्लाच्या तोडीचे वागू लागते. मग फिनॉल्फ्थॅलिनला अंत्यबिंदू स्वच्छ मिळतो.

प्रत्यक्ष कृती अशी. सुमारे ०.२४ ग्रॅम बोरॅक्स अचूक वजन करून पन्नास मिली पाण्यात विरघळवावा, मिथाइल रेडचे दोन-तीन थेंब घालावेत आणि आम्लाने अनुमापन करावे. अंत्यबिंदूजवळ द्रावणात केवळ बोरिक आम्ल आणि मीठ असते व पीएच पाचच्या थोडा वर असतो. मिथाइल रेडची पट्टी साधारण ४.४ ते ६.२ असल्याने हा दर्शक योग्य ठरतो आणि फिनॉल्फ्थॅलिन येथे पूर्णपणे चुकीचा ठरतो. हे पहिले वाचन लिहून ठेवावे. त्यानंतर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी द्रावण उकळावे लागते, पण हे काम सावधपणे करावे, कारण बोरिक आम्ल वाफेबरोबर उडून जाते. इटलीतील टस्कनी प्रांतात लार्डेरेल्लोच्या परिसरात जमिनीतून येणाऱ्या वाफेबरोबर बोरिक आम्ल वर येते आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर मोठा उद्योग उभा राहिला होता. तीच गोष्ट आपल्या शंकुपात्रात छोट्या प्रमाणावर घडते. म्हणून पात्रावर उभा संघनक लावावा किंवा निदान घड्याळकाच झाकून दोन-तीन मिनिटे मंद उकळी द्यावी आणि झाकणाखालचे थेंब धुऊन परत पात्रात घ्यावेत.

द्रावण पूर्ण गार होऊ द्यावे. मॅनिटॉल आणि बोरेट यांची जोडी तापमान वाढले की सैल होते, आणि मेच्या दुपारी नळाचे पाणीसुद्धा कोमट असते, तेव्हा पात्र बर्फाच्या पाण्यात काही मिनिटे ठेवणे योग्य. मग तीन-चार ग्रॅम मॅनिटॉल घालावा. मिथाइल रेडमुळे नारिंगी दिसणारे द्रावण तत्काळ लालभडक होते. दुबळे आम्ल डोळ्यांदेखत बळकट झाल्याची ही खूण विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावी. आता फिनॉल्फ्थॅलिन घालून कॉस्टिकने अनुमापन सुरू करावे. लाल रंग जाऊन द्रावण पिवळे होते, आणि येथेच अनेकजण थांबतात. हा पिवळा रंग मिथाइल रेडचा आहे, अंत्यबिंदू अजून पुढे आहे. पिवळ्यावर गुलाबी चढून स्थिर नारिंगी-गुलाबी छटा आली की चिमूटभर मॅनिटॉल पुन्हा टाकावा. छटा टिकली तर अंत्यबिंदू खरा. ती उडाली तर मॅनिटॉल कमी पडला होता, अनुमापन पुढे चालू ठेवावे.

या पद्धतीचा खरा लाभ असा की तिला प्राथमिक प्रमाण पदार्थाची गरजच नाही. वापरलेले आम्ल आणि वापरलेला कॉस्टिक फिनॉल्फ्थॅलिनच्या साहाय्याने एकमेकांविरुद्ध मोजून घ्यावेत आणि कॉस्टिकचे वाचन आम्लाच्या मिलीलिटरांत बदलावे. दोन्ही द्रावणे समान शक्तीची असतील तर वरच्या उदाहरणात आम्ल १३.०० मिली आणि कॉस्टिक २६.०० मिली लागेल. गुणोत्तर २.००, पण शुद्धता १०४ टक्के: याचा अर्थ पुडीत सोडियम आणि बोरॉन योग्य प्रमाणात आहेत, भेसळ नाही, आणि दोष एकतर पाण्याचा आहे किंवा आम्लाच्या गृहीत नॉर्मॅलिटीचा.

गुणोत्तर दोनपेक्षा कमी आले तर प्रथम कृतीतील चुका तपासाव्यात. पिवळ्या रंगावर थांबणे, अपुरा मॅनिटॉल, गरम द्रावण आणि उघड्या पात्रातील जोरदार उकळी या चारही गोष्टी कॉस्टिकचे वाचन खाली आणतात. त्या नसतील तर नमुन्यात सोडियम कार्बोनेट असण्याची शक्यता आहे, कारण ते आम्ल खाते पण बोरॉन देत नाही. आम्ल टाकताना बुडबुडे दिसले तर शंका उरत नाही. गुणोत्तर दोनपेक्षा जास्त आले तर द्रावणात कार्बन डायऑक्साइड शिल्लक असेल किंवा मॅनिटॉल स्वतः किंचित आम्लधर्मी असेल. तेवढाच मॅनिटॉल गार उकळलेल्या पाण्यात विरघळवून कोरे वाचन घ्यावे आणि वजा करावे. मॅनिटॉलऐवजी ग्लिसरॉल वापरणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण बाजारातील ग्लिसरॉल अनेकदा आम्लधर्मी असतो आणि त्याची बोरॉनवरील पकडही ढिली असल्याने तो खूप जास्त प्रमाणात घालावा लागतो. जुन्या कॉस्टिकने हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो हे खरे, परंतु दोन्ही वेळा फिनॉल्फ्थॅलिनच वापरल्यास ती चूक बऱ्याच अंशी आपोआप कटते. आम्ल-कॉस्टिकची तुलना मिथाइल ऑरेंजने केली असेल तर मात्र कटत नाही.

गुणोत्तर बरोबर चार आले, तर बाटलीत बोरॅक्स नाही. शेतीसाठी विकला जाणारा डायसोडियम ऑक्टाबोरेट त्यात असावा. त्यात दोन सोडियममागे आठ बोरॉन असतात. एक आले तर मेटाबोरेट समजावा.

तापवून केलेली खातरजमा

दोष पाण्याचा की आम्लाचा, हे ठरवण्यासाठी एक साधी मूस पुरेशी आहे. एक ग्रॅम नमुना मोठ्या मुशीत घेऊन वजन स्थिर होईपर्यंत तापवावा. मूस मोठी हवी, कारण पाणी वाफ होऊन सुटताना बोरॅक्स फुगतो. घराघरांत ज्याला टाकणखाराची लाही म्हणतात तीच ही अवस्था, आणि घाईने तापवल्यास लाही मुशीबाहेर सांडून वजनाचा बोजवारा उडतो. पुढे ७४३ अंशांवर ही लाही वितळून स्वच्छ काच होते; तेथपर्यंत जाण्याची येथे आवश्यकता नाही, मात्र शेवटचे पाणी चिवट असल्याने चांगला तांबूस ताप द्यावा. सराफकट्ट्यावर डाग देणारे कारागीर टाकणखार आधी लाही करून मगच वापरतात त्यामागेही हेच कारण आहे: कच्चा टाकणखार फुगताना डागाचे तुकडे जागेवरून ढकलून देतो.

दशजलीय बोरॅक्सचे वजन ४७.२ टक्क्यांनी घटले पाहिजे आणि पंचजलीयाचे ३०.९ टक्क्यांनी. वरच्या उदाहरणातील पुडीची घट ४५.१ टक्क्यांच्या आसपास भरेल, कारण अवशेषाचा वाटा ५२.८ वरून ५४.९ टक्के झालेला असतो आणि ही वाढ नेमकी चार टक्के आहे. अनुमापन आणि मूस या दोहोंनी चारच टक्के सांगितले, तर बोरॅक्स दोषी. मुशीने ४७.२ सांगितले आणि अनुमापन १०४ वर अडून बसले, तर आम्ल तपासावे.

दुरुस्ती आणि साठवण

पाणी गमावलेला बोरॅक्स फेकू नये. पुन्हा स्फटिकीकरण केल्यास तो उत्तम प्रमाण पदार्थ होतो. पाणी ५५ अंशांपर्यंत तापवून त्यात मावेल तेवढा बोरॅक्स विरघळवावा, गरम असतानाच गाळावा आणि ढवळत गार करावा. ५५ अंशांची मर्यादा मनाला येईल तशी ओलांडू नये, कारण सुमारे ६१ अंशांच्या वर द्रावणातून दशजलीयाऐवजी पंचजलीय स्फटिक पडतात, आणि मग ज्या दोषातून सुटण्यासाठी खटाटोप केला तोच आपण हाताने तयार करतो. स्फटिक चोषण गाळणीवर घेऊन थोड्या गार पाण्याने दोनदा, मग अल्कोहोलने दोनदा धुवावेत. जुनी पद्धत यानंतर ईथरने धुण्यास सांगते. ईथरचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश आहे आणि एप्रिलच्या दुपारी आपल्या खोलीचे तापमान त्याच्या पुढे असते, तेव्हा हे काम सकाळी लवकर, धुराड्याच्या कपाटात आणि जवळपास ज्योत नसतानाच करावे. माझा सल्ला विचाराल तर उन्हाळ्यात ईथर टाळून अल्कोहोलवरच थांबावे आणि वाळण्यास अधिक वेळ द्यावा.

वाळवणे म्हणजे पंख्याखाली पसरणे नव्हे. छताचा पंखा आणि मेची हवा मिळून एका रात्रीत पृष्ठभागाचे पाणी तर नेतातच, वर स्फटिकजलही नेऊ लागतात. गाळण कागदाचे सैल झाकण ठेवून दाणे एकमेकांना चिकटेनासे होईपर्यंतच ते बाहेर ठेवावेत. त्यानंतर खरे साठवणीचे पात्र: एक डेसिकेटर रिकामा करून त्यातील सिलिका जेल काढून टाकावे आणि तळाशी वाडग्यात साखर व मीठ यांचे एकत्र संपृक्त द्रावण ठेवावे. दोन्ही पदार्थांचे न विरघळलेले दाणे द्रावणाच्या तळाशी कायम दिसले पाहिजेत. असे द्रावण वरची हवा सुमारे सत्तर टक्के आर्द्रतेवर धरून ठेवते, आणि त्या हवेत दशजलीय बोरॅक्स पाणी सोडतही नाही आणि ओलावून चिकटही होत नाही. दोन-तीन दिवसांनी वजन स्थिर झाले की पदार्थ वापरास तयार. डेसिकेटरवर ठळक चिठ्ठी लावावी, अन्यथा कोणीतरी काळजीवाहू सहकारी त्यात निळे सिलिका जेल भरल्याशिवाय राहत नाही.

नेमकी उलट काळजी बोरिक आम्लाला लागते. ते सिलिका जेलवर सुखरूप राहते, त्यात स्फटिकजल नसतेच; परंतु ते भट्टीत १०० अंशांच्या वर ठेवल्यास स्वतःच्या रेणूतील पाणी सोडून मेटाबोरिक आम्ल होऊ लागते आणि शुद्धता पुन्हा शंभराच्या वर जाते. बोरॅक्स ओलसर हवेत आणि बोरिक आम्ल कोरड्या हवेत, भट्टी मात्र दोघांनाही वर्ज्य, असे नवीन सहायकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

इतके सांभाळणे शक्य नसेल तर उन्हाळ्यापुरते निर्जल सोडियम कार्बोनेट वापरावे. ते सुमारे २६० ते २७० अंशांवर तासभर तापवून कोरड्या डेसिकेटरमध्ये गार केले की काम होते. तरीही शक्य तेथे मी बोरॅक्सलाच पसंती देतो. त्याचा समतुल्यभार कार्बोनेटच्या साडेतीन पटींहून अधिक असल्याने वजनातील लहानसहान चूक पातळ होते, तो हवेतील ओलावा ओढून घेत नाही, आणि अंत्यबिंदूपाशी कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी उकळण्याची कटकट नसते.

खरेदीच्या वेळीही एक गोष्ट पाहावी. रविवार पेठेतील दुकानांत किंवा औद्योगिक रसायनांच्या घाऊक विक्रेत्यांकडे बोरॅक्स या एकाच नावाने दशजलीय आणि पंचजलीय असे दोन्ही पदार्थ मिळतात, आणि काच, चिनी माती व धुलाई उद्योग वाहतुकीचा खर्च वाचतो म्हणून पंचजलीयच पसंत करतात. लेबलवरील बोरॉनचे प्रमाण वाचल्यास गोंधळ टळतो: शुद्ध दशजलीयात ते ११.३ टक्के, पंचजलीयात १४.८, बोरिक आम्लात १७.५ आणि ऑक्टाबोरेटच्या चतुर्जलीय रूपात २१.० टक्के असते. लेबल पुसलेल्या बाटलीत बोरॉन आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर हळदीचा कागद हायड्रोक्लोरिक आम्लाने ओल्या केलेल्या नमुन्यात बुडवून वाळवावा. तो तांबूस तपकिरी झाला आणि अल्कलीच्या थेंबाने काळपट हिरवा पडला तर बोरेट आहे. नुसती अल्कलीही हळद तांबडी करते, म्हणून ही परीक्षा आम्लातच करायची.

पीएच मापकासाठी ठेवलेल्या बोरॅक्सच्या बफरबाबतही (पीएच स्थिर धरून ठेवणाऱ्या द्रावणाबाबतही) याच ऋतूत तक्रारी येतात, त्यांचे कारण मात्र निराळे आहे. ०.०१ मोलल बोरॅक्सचे द्रावण २५ अंशांना ९.१८ पीएच दाखवते, पण ३५ अंशांना तोच आकडा ९.१० असतो, तेव्हा मापकाचे तापमान बटण २५ वर ठेवून उन्हाळ्यात कॅलिब्रेशन केल्यास फरक दिसणारच. शिवाय हा बफर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खाली येतो. तो घट्ट झाकणाच्या पॉलिथिनच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावा, एकदा बाहेर ओतलेला भाग परत बाटलीत टाकू नये, आणि महिन्याभराने नवा करावा. द्रावणात गेलेल्या बोरॅक्सचे स्फटिकजल अर्थातच पाण्यातच मिसळलेले असते. पण बफर तयार करताना वजन केलेली पूड पाणी गमावलेली असली तरी पीएचवर त्याचा परिणाम नगण्य असतो, कारण बोरिक आम्ल आणि बोरेट यांचे प्रमाण समसमानच राहते. त्यामुळे बफर बरोबर येतो म्हणून त्याच बाटलीतील बोरॅक्स अनुमापनासाठीही चांगला आहे असा निष्कर्ष काढू नये.